बर्फावरची रेघ



एप्रिल महिन्याचा मध्य उलटला की कॅनडातील शहरांची दिनचर्या बदलते. मोटारींच्या खिडक्यांवर संघांचे ध्वज फडकू लागतात, कचेऱ्यांत निळे, लाल, नारिंगी सदरे दिसू लागतात आणि बोलण्याचा विषय हवापाण्यावरून थेट कालच्या सामन्यावर येतो. आइस हॉकीच्या बाद फेऱ्यांचे, तेथील भाषेत ‘प्लेऑफ’चे, दोन महिने सुरू झालेले असतात. टोरांटोत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. शिक्षणासाठी किंवा व्यवसायासाठी काही वर्षे तिकडे राहून परतलेला एखादा तरुण त्या वेळी उठून मोबाईलवर सामना पाहत बसतो, आणि त्याच घरात शेजारच्या खोलीत आजी सामायिक घेऊन बसलेली असते.

एका वाचक भगिनींनी या सदरासाठी एक प्रश्न पाठविला आहे. त्यांचा मुलगा टोरांटोत नोकरी करतो. या दिवसांत त्याचा फोन आला की तो घरच्यांची चौकशी दोन वाक्यांत उरकतो आणि मग वीस मिनिटे हॉकीवर बोलतो. संघ हरला तर दोन दिवस फोनच येत नाही. भगिनींनी एकदा सामना पाहिला, तेव्हा खेळाडू एकमेकांना फळ्यांवर आदळत होते, दोघे तर हातमोजे टाकून ठोसे मारीत होते. त्या विचारतात : असल्या खेळाचे वेड जैन घरातील मुलास शोभते का? त्याला थांबवावे का?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही घाईने देऊ नये. प्रथम खेळ समजून घेऊ.

२०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे बर्फाचे मैदान असते. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात वाकड्या टोकाची काठी, आणि चेंडूच्या जागी कठीण रबराची एक इंच जाडीची काळी चकती, जिला ‘पक’ म्हणतात. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. नॅशनल हॉकी लीग ही उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा १९१७ साली स्थापन झाली. २०२४-२५ च्या हंगामात तीत ३२ संघ होते. सात कॅनडाचे, बाकीचे अमेरिकेचे. प्रत्येक संघाने ८२ सामने खेळल्यानंतर १६ संघ बाद फेऱ्यांत पोहोचले. येथून पुढे दोन संघ पुन:पुन्हा एकमेकांशीच झुंजतात. ज्याचे आधी चार विजय होतील तो पुढे जातो, दुसरा घरी जातो. म्हणजे जास्तीत जास्त सात सामने, बहुधा एक दिवसाआड, सुमारे पंधरवडाभर. अशा चार मालिका जिंकल्या की स्टॅनले चषक हाती येतो. पंधरवडा हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

बाद फेऱ्यांत बरोबरी मान्य नसते. गुण समान राहिले तर वीस मिनिटांचा जादा डाव खेळतात, तरी निकाल लागला नाही तर आणखी एक, आणि पहिला गोल होताच सामना संपतो. २४ मार्च १९३६ च्या रात्री माँट्रियल येथे सुरू झालेला डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स यांचा सामना सहाव्या जादा डावापर्यंत लांबला. पहाटे दोन वाजून गेल्यावर डेट्रॉइटच्या मड ब्रुनेटो या नवख्या खेळाडूने त्या सामन्यातील एकमेव गोल केला. चाहत्याचा जीव टांगणीला लागतो तो याच नियमामुळे. संपण्याची वेळ ठरलेली नाही आणि पुढच्या श्वासाला सारे संपू शकते, अशा अवस्थेत तो तासन् तास बसतो.

आता त्या मुलाच्या संघाकडे पाहू. टोरांटो मेपल लीफ्स हा या खेळातील सर्वांत जुन्या आणि श्रीमंत संघांपैकी एक. त्याने शेवटचा चषक जिंकला १९६७ साली. पुढे २००४ नंतर बाद फेऱ्यांतील एक मालिका जिंकण्यासाठी त्याला २०२३ साल उजाडावे लागले. २०१३ मध्ये बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात अखेरच्या डावात तो ४-१ असा पुढे होता. शेवटच्या दीड मिनिटात बॉस्टनने दोन गोल करून बरोबरी साधली आणि जादा डावात ५-४ असा सामना नेला. अशा संघावर लाखो माणसे वर्षानुवर्षे प्रेम करतात. बाप मुलाला संघाचा सदरा देतो आणि त्याबरोबर अपेक्षाभंगही वारसा म्हणून देतो. बाहेरून आलेला माणूसही हा वारसा आनंदाने स्वीकारतो, कारण नव्या देशात अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला त्याला एक विषय मिळतो. उणे वीस अंशांच्या थंडीत परका वाटणारा गाव मे महिन्यात एकाएकी आपला वाटू लागतो. आईने एवढे जाणून घ्यावे की, मुलगा वीस मिनिटे हॉकीवर बोलतो तेव्हा पुष्कळदा तो आपल्याला तेथे घर सापडले असल्याचेच सांगत असतो.

तरीही हिंसेचा प्रश्न उरतोच. आपल्याकडे पापाचा विचार करताना तीन वाटा सांगितल्या आहेत : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याचे अनुमोदन करणे. प्रेक्षक पहिल्या दोन वाटांवर नसतो. तो तिसऱ्या वाटेवर असतो. दोन खेळाडू ठोसेबाजी करीत असताना जो उभा राहून टाळ्या वाजवितो त्याने अनुमोदना केली, यात शंका नाही. परंतु ठोसेबाजी हा या खेळाचा प्राण आहे का? नाही, आणि याचा पुरावा खेळातच आहे. नॅशनल हॉकी लीगमध्ये हाणामारी करणाऱ्यास पाच मिनिटे शिक्षापेटीत बसवितात व पुन्हा खेळू देतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार मात्र त्याला सामन्यातूनच बाहेर काढतात. खेळाडू तेच, काठ्या त्याच, बर्फही तेच. पण जागतिक स्पर्धांत आणि ऑलिंपिकमध्ये ठोसेबाजी क्वचितच दिसते आणि खेळाची रंगत तसूभरही कमी होत नाही. नियम बदलला की स्वभावाला मुरड पडते.

जेथे ही मुरड पडली नाही तेथे काय झाले, तेही पाहावे. ४ जानेवारी १९८७ रोजी चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी गावी वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांचा सामना चालू होता. कॅनडाला त्या दिवशी पदकाची खात्री होती, सुवर्णाचीही आशा होती. हाणामारी सुरू झाली, दोन्ही संघांचे राखीव खेळाडूही बर्फावर उतरले, पंच निघून गेले, शेवटी सभागृहातील दिवे मालविण्यात आले. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. काही मिनिटांच्या क्रोधाने वर्षाची मेहनत गेली.

चाहत्यांच्या काही प्रथाही आपल्याला मान्य होण्यासारख्या नाहीत. डेट्रॉइटमध्ये १९५२ साली मासळीविक्रेत्या दोघा भावांनी आठ पायांचा समुद्री जीव मृतावस्थेत बर्फावर फेकला. त्या काळी चषकासाठी आठ विजय लागत, म्हणून आठ पाय. ती प्रथा तेथे पुढेही चालू राहिली. जीवाचा असा खेळ करणे आपल्या मनाला पटणार नाही, आणि पटू नये. खेळ आवडणे आणि खेळाभोवतीचे सर्व काही आवडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. श्रावक बाजारात जातो, पण बाजारातील प्रत्येक वस्तू घरी आणत नाही.

खरा धोका मात्र बर्फावर नसून प्रेक्षकाच्या मनात आहे. शास्त्रांत राग आणि द्वेष यांचा उल्लेख जोडीने येतो. येथे राग म्हणजे मराठीतला संताप नव्हे; राग म्हणजे आसक्ती. मराठी माणसाला ही दोन टोके एकाच शब्दात सापडावीत, हे मोठे सूचक आहे. माझ्या संघावरील आसक्ती वाढली की दुसऱ्याविषयीचा द्वेष न बोलावता येतो. १९५५ च्या मार्चमध्ये माँट्रियल संघाचा लाडका खेळाडू मॉरिस रिशार याने सामन्यात पंचाला मारले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या हंगामासाठी आणि बाद फेऱ्यांसाठी निलंबित केले. फ्रेंच बोलणाऱ्या माँट्रियलकरांच्या मनात इंग्रजी सत्तेविषयीची जुनी सल होतीच. १७ मार्चच्या सामन्याला कॅम्पबेल स्वतः येऊन बसले, अश्रुधुराचा गोळा फुटला, सामना सोडून द्यावा लागला आणि जमाव सेंट कॅथरीन रस्त्यावर उतरला. दुकानांच्या काचा फुटल्या, माल लुटला गेला. ज्यांनी त्या रात्री दुकानाच्या शटरामागे उभे राहून वाट पाहिली असेल, त्यांच्या मन:स्थितीची कल्पना आपल्यासारख्या व्यापारी समाजाला वेगळी करून द्यावयास नको. दुसऱ्या दिवशी रिशारने आकाशवाणीवरून, आपल्या नावाने चाललेला हा प्रकार थांबवावा, अशी लोकांना विनंती केली.

हे पराभवाचे किंवा अन्यायाच्या भावनेचे फळ म्हणावे, तर १९९३ साली याच शहरात चषक जिंकल्यावरही दंगल झाली. आणि १५ जून २०११ रोजी व्हँकुव्हरचा संघ अंतिम मालिकेतील सातवा सामना बॉस्टनकडून ४-० असा हरला, तेव्हा मोटारी जळाल्या, दुकाने फुटली. विजयात दंगल, पराभवातही दंगल. तेव्हा दोष निकालाचा नव्हता; आपल्या संघालाच आपले सर्वस्व मानणाऱ्या आसक्तीचा होता.

व्हँकुव्हरची गोष्ट मात्र रात्री संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेकडो नागरिक झाडू, हातमोजे आणि पिशव्या घेऊन बाजारपेठेत आले. त्यांनी काचा वेचल्या, रस्ते झाडले. फुटलेल्या दर्शनी काचांच्या जागी दुकानदारांनी प्लायवूडचे तक्ते ठोकले होते, त्यांवर लोकांनी आपल्या हाताने क्षमेचे शब्द लिहिले. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काहीच फोडले नव्हते. तरीही, आमच्या शहरातून, आमच्या संघाच्या नावाने हे घडले, एवढ्यावरून त्यांनी क्षमा मागितली. ज्यांना मिच्छामि दुक्कडम् हे शब्द कधी कानी पडले नसतील, त्यांच्या हातून त्या दिवशी त्याच अर्थाची कृती घडली.

ही कृती एकाएकी आकाशातून पडली नव्हती. या खेळाने आपल्या चाहत्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक दृश्य दाखविले आहे. पंधरवडाभर एकमेकांवर तुटून पडलेले दोन संघ मालिका संपताच बर्फाच्या मध्यभागी दोन रांगा करतात. हातमोजे काढलेले असतात. प्रत्येक खेळाडू समोरच्या प्रत्येक खेळाडूचा हात हातात घेतो, दोन शब्द बोलतो, पुढे सरकतो. जिंकलेल्यांचा जल्लोष तेवढा वेळ थांबतो, हरलेल्यांना तेवढा वेळ डोळे पुसता येत नाहीत. ८ एप्रिल १९५२ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या सामन्यात मॉरिस रिशार डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता. टाके घालून परतला आणि त्याने विजयी गोल केला. छायाचित्रात त्याच्या कपाळाला पट्टी आहे, चेहऱ्यावर रक्ताचा ओघळ आहे. समोर बॉस्टनचा गोलरक्षक जिम हेन्री, त्याच्याही डोळ्यांभोवती काळे व्रण. दोघांनी हात हातात घेतले आहेत आणि हेन्री किंचित वाकला आहे. तीन वर्षांनी ज्याच्या नावाने शहर पेटले, तो हाच रिशार.

येथे पंधरवड्याची आठवण करावी. श्वेतांबर परंपरेतील कर्मग्रंथांत क्रोधाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांची ओळख रेघेवरून पटविली आहे. अनंतानुबंधी क्रोध पाषाणावरील रेघेसारखा, जन्मभर न मिटणारा. अप्रत्याख्यानी क्रोध जमिनीला पडलेल्या भेगेसारखा. पाऊस पडला की वर्षाने बुजणारा. प्रत्याख्यानी क्रोध वाळूतील रेघेसारखा, चार महिन्यांत पुसला जाणारा. आणि संज्वलन क्रोध पाण्यावरील रेघेसारखा. त्याची मुदत फार तर एक पक्ष, म्हणजे पंधरा दिवस. आपली पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे या मुदतींशी जोडून समजावली जातात ती याचसाठी. वैराचीही वसुलीची तारीख ठरलेली असावी; ती ओलांडली तर खाते बुडीत समजावे.

आइस हॉकीची मालिकाही जास्तीत जास्त पंधरवड्याची, आणि तिच्या शेवटी हात मिळविणे ठरलेले. मैदानावरील बर्फाचीही गंमत अशी की, प्रत्येक डावात पोलादी पात्यांनी त्यावर असंख्य ओरखडे उठतात, आणि डाव संपला की एक यंत्र फिरविले जाते. फ्रँक झांबोनी या गृहस्थांनी १९४९ साली ते कॅलिफोर्नियात तयार केले. ते वरचा थर खरवडून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर पसरते. पाणी गोठते आणि ओरखड्यांची खूण राहत नाही. बर्फावरची रेघ पाषाणाची व्हावी की पाण्याची, हे अखेर त्यावर पाणी फिरविणाऱ्याच्या हाती असते.

अर्थात हात मिळविला म्हणजे मन मिळाले असे नव्हे. आपण द्रव्य-क्षमापना आणि भाव-क्षमापना असा भेद करतो, तो येथेही लागू पडतो. २९ मे १९९६ रोजी कोलोराडोच्या क्लोद लेम्यू याने डेट्रॉइटच्या क्रिस ड्रेपरला पाठीमागून फळीवर आदळले. ड्रेपरच्या चेहऱ्याची हाडे मोडली. त्या दिवशी मालिका संपली आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही संघांनी हातही मिळविले. पण मनात रेघ तशीच राहिली. दहा महिन्यांनी, २६ मार्च १९९७ रोजी, त्याच दोन संघांत जी हाणामारी झाली ती आजही त्या खेळातील सर्वांत कुप्रसिद्ध हाणामाऱ्यांपैकी एक मानली जाते. तोंडाने मिच्छामि दुक्कडम् म्हणून मनात खाते उघडे ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानी घ्यावा.

द्वेषाचा पाया किती कच्चा असतो हे पाहायचे तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे वळावे. दर मे महिन्यात, इकडे बाद फेऱ्या रंगात असतानाच, बहुधा युरोपात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. पहिल्या गटात सोळा देश असतात. चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडलेले अनेक खेळाडू सामान बांधून तिकडे जातात आणि कालपर्यंत ज्याच्याशी झुंजत होते त्याच्याच शेजारी, देशाच्या सदऱ्यात, उभे राहतात. तेथे प्रत्येक सामन्यानंतर हात मिळविले जातात आणि विजेत्या देशाचे राष्ट्रगीत होईपर्यंत पराभूत संघही उभा राहतो.

ब्रॅड मार्शंड या खेळाडूचे उदाहरण टोरांटोच्या चाहत्यांना चांगलेच ठाऊक आहे. बॉस्टनकडून खेळताना त्याच्या संघाने २०१३, २०१८, २०१९ आणि २०२४ या चार वर्षी सातव्या सामन्यात टोरांटोला घरी पाठविले. त्याचे नाव निघताच टोरांटोत शिट्ट्यांचा कल्लोळ व्हायचा. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅनडा, अमेरिका, स्वीडन आणि फिनलंड यांची स्पर्धा झाली. २० फेब्रुवारीला कॅनडाने अंतिम सामन्यात अमेरिकेला जादा डावात ३-२ असे हरविले. टोरांटोच्या मिच मार्नरने दिलेल्या चकतीवर एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने विजयी गोल केला, आणि त्याच संघात मार्शंडही होता. टोरांटोतील घराघरांत त्या रात्री त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. मार्चमध्ये तो फ्लोरिडाच्या संघात गेला, आणि १८ मे रोजी सातव्या सामन्यात फ्लोरिडाने टोरांटोला त्याच्याच घरी ६-१ असे हरविले. जानेवारीत शत्रू, फेब्रुवारीत आपला, मे महिन्यात पुन्हा शत्रू! माणूस तोच होता; बदलला होता केवळ सदरा आणि पाहणाऱ्याची जागा. अनेकांतवाद ग्रंथातून समजण्यास कठीण वाटला, तर या पाच महिन्यांचा हिशेब मांडून पाहावा.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा विषय निघाला म्हणून आपल्या देशाचाही उल्लेख करू. २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या महिलांच्या आशिया चषकात भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळविले. संघातील बहुतेक मुली लडाखच्या, हिवाळ्यात आपोआप गोठणाऱ्या तलावांवर आणि मैदानांवर खेळ शिकलेल्या. आपल्या घरांत त्यांची नावे ठाऊक नाहीत, पण हा खेळ केवळ परक्यांचा राहिलेला नाही.

व्यापारी कुटुंबांना या खेळातील आणखी एक गोष्ट भावेल. १८९२ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी अवघ्या दहा गिनींना एक रुपेरी वाडगा विकत आणविला आणि तो विजेत्यांसाठी दोन विश्वस्तांच्या स्वाधीन केला. चषकाला आजही विश्वस्त आहेत. जिंकणारा संघ त्याचा मालक होत नाही. तो त्याला वर्षभर सांभाळतो. उन्हाळ्यात विजेत्या संघातील प्रत्येकाला तो एक दिवस मिळतो. कोणी आपल्या गावी नेतो, कोणी आजीच्या घरी. विजेत्यांची नावे चषकाच्या पट्ट्यांवर कोरली जातात, पण जागा भरली की सर्वांत वरचा जुना पट्टा काढून टोरांटोच्या हॉकी संग्रहालयात ठेवतात आणि खाली नवा बसवितात. २०१८ साली असा एक पट्टा उतरला, आणि त्याबरोबर १९५६ पासून सलग पाच वेळा चषक जिंकणाऱ्या माँट्रियल संघातील रिशारचे नावही उतरले. ज्याच्यासाठी शहराने आपलीच दुकाने फोडली, त्याच्या नावालाही चषकावर कायमची जागा मिळाली नाही. अनित्य भावनेवर याहून स्पष्ट प्रवचन कोणते? आणि धर्मादाय संस्थांच्या खुर्च्या सांभाळणाऱ्यांनी विश्वस्त या शब्दाचा अर्थ येथूनही शिकण्यासारखा आहे.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे. मुलाला थांबवू नये, असे मला वाटते. परंतु एका गोष्टीविषयी त्याला स्पष्ट विचारावे, आणि ती ठोसेबाजी नव्हे, सट्टा. ऑगस्ट २०२१ पासून कॅनडात एकेका सामन्यावर पैज लावणे कायदेशीर झाले, आणि ४ एप्रिल २०२२ पासून ओंटारिओ प्रांतात, म्हणजे टोरांटो ज्यात येते त्या प्रांतात, खासगी कंपन्यांना ऑनलाइन सट्ट्याचा बाजार खुला झाला. सामन्याच्या प्रक्षेपणात त्याच्या जाहिराती असतात आणि मोबाईलवर दोन बोटांत पैज लागते. सप्तव्यसनांत द्यूताचा क्रमांक पहिला आहे, आणि व्यापाऱ्याच्या मुलाला जोखीम घेण्याची सवय घरातच लागलेली असते, म्हणून हा मोह त्याला अधिक जवळचा. व्यापारातील जोखमीच्या मागे माल असतो, श्रम असतात, कोणाची तरी गरज भागते. पैजेमागे यांपैकी काहीच नसते. कायद्याने मान्य केलेले सर्वच धर्माला मान्य असते असे नाही, हे मुलाला आईने सांगितले तर तो ऐकेल.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. हॉकीपटूंची रांग पाहून आपल्या बाजारपेठांची आठवण होते. वाटणीतील एका गाळ्यावरून, पेढीच्या जुन्या नावावरून, एका लग्नातल्या मानपानावरून सख्ख्या भावांची बोलाचाली थांबते. पंधरवडा जातो, चातुर्मास जातो, संवत्सरीही जाते. दोघेही स्थानकात येतात, निरनिराळ्या रांगांत बसतात, सर्व जीवांची क्षमा मागतात आणि एकमेकांना टाळून बाहेर पडतात. पुढे मुलांना भांडणाचे कारणही ठाऊक नसते, पण अबोला वारशाने मिळालेला असतो. त्या रेघेला आता पाषाणाची रेघ म्हणावे लागते. बर्फावरच्या तरुणांकडे निदान एक सोय आहे : मालिका कधी संपली हे त्यांना घंटा वाजून कळते. आपल्या भांडणांना घंटा नाही. ती आपणच वाजवावी लागते, आणि बहुधा ज्याचे कमी चुकले असेल त्यालाच ती आधी वाजवावी लागते.

म्हणून मुलाला एवढेच सांगावे. संघ हरला की चाहता चिडून पडदा बंद करतो आणि अंथरुणात तोंड लपवितो. तसे करू नकोस. आणखी पाच मिनिटे थांब. दोन्ही रांगा एकमेकींसमोरून पूर्ण सरकेपर्यंत, शेवटच्या खेळाडूने शेवटचा हात हातात घेईपर्यंत पाहा. आणि मग त्याच दिवशी घरी फोन कर.